पिक्सेल अक्षर आठवणींच्या ताब्यात देऊ नका

पायऱ्यापायऱ्यांच्या कडांची, चौकोनी ठिपक्यांनी म्हणजे पिक्सेलांनी बांधलेली अक्षरं पुन्हा सगळीकडे दिसू लागली आहेत. खेळांच्या मेनूतून ती कधी पूर्णपणे गेलीच नव्हती. आता ती सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळांवर, पोस्टरांवर, कपड्यांवर आणि बोधचिन्हांतही आहेत. त्यांच्या मागोमाग ठरलेला वादही आला आहे. एक बाजू म्हणते, हे निव्वळ स्मरणरंजन. पडदे ओबडधोबड होते तेव्हाची लंगडी अक्षरं आज डोळ्यांवर का लादायची? दुसरी बाजू म्हणते, यांत जीव आहे, आमचं बालपण आहे, आजच्या गुळगुळीत फॉन्टांत ते सापडत नाही. वाद तावातावाने होतो, पण दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासताच मान्य केलेली असते: पिक्सेल अक्षर म्हणजे गेलेला काळ. तो एकाला नकोसा आणि दुसऱ्याला हवासा, एवढंच भांडण उरतं. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. पिक्सेल अक्षर ही अक्षर घडवण्याची एक स्वतंत्र रीत आहे आणि तिचे नियम कडक आहेत. ते नियम पाळले गेले का, आणि मजकुराचं जे काम आहे त्याला ही रीत मानवते का, या दोनच कसोट्यांवर तिचा निवाडा व्हायला हवा. तिचं वय किंवा तिच्याबद्दलची माया यांचा या निवाड्याशी संबंध नाही.

आधी हे अक्षर घडतं कसं ते पाहू, कारण वादातले बहुतेक जण तिथवर जातच नाहीत. जुन्या घरगुती संगणकांवर आणि आर्केड यंत्रांवर एका अक्षराला सहसा आठ बाय आठ ठिपक्यांची जागा मिळे. शेजारच्या अक्षराला चिकटू नये म्हणून त्यातली निदान एक उभी आणि एक आडवी ओळ मोकळी सोडावी लागे. म्हणजे हाती उरत सात बाय सात, अनेकदा पाच बाय सातच. १९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाची ९६ चिन्हं, प्रत्येकाला आठ बाइट, अशी अख्खी वर्णमाला ७६८ बाइटांत बसवलेली होती. एवढ्या जागेत इंग्रजी एस काढायचा तर वळण काढताच येत नाही. कोपऱ्यातला एक ठिपका वगळून वळणाचा भास द्यावा लागतो. एमला तीन खांब आणि मध्ये दोन पोकळ्या हव्यात, म्हणजे पाच ठिपक्यांच्या रुंदीत प्रत्येकाच्या वाट्याला एकेक ठिपका. ओ, शून्य आणि डी, किंवा बी आणि आठ, यांच्यातला फरक कोपऱ्यांतल्या एकदोन ठिपक्यांवर तोललेला असतो. नेहमीच्या फॉन्टमध्ये एखादा बिंदू केसभर सरकला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे सर्वांत लहान पाऊलच अक्षराच्या रुंदीचा पाचवा हिस्सा आहे, त्यामुळे प्रत्येक निर्णय उघडा पडतो. अशा जागेत काम करणाऱ्याला आळशी म्हणणं हा या अक्षरांवरच्या टीकेतला सर्वांत कच्चा भाग आहे.

डिझायनर सुझन केअर यांनी ॲपलच्या पहिल्या मॅकिंटॉश संगणकासाठी केलेला शिकागो हा फॉन्ट घ्या. १९८४ चा तो पडदा ५१२ बाय ३४२ ठिपक्यांचा, आणि ठिपका एक तर काळा किंवा पांढरा. राखाडी छटा नाहीच. मेनूतली एखादी आज्ञा सध्या लागू नाही हे दाखवायचं तर अक्षरांतले एकाआड एक ठिपके काढून टाकत, म्हणजे ती फिकट भासत. निम्मे ठिपके गेल्यावरही शिकागोतला शब्द वाचता येई. त्याच्या जाड उभ्या रेघांचं मोल तिथे कळतं. १९९७ मध्ये मॅक ओएस ८ आली तेव्हा ॲपलने शिकागोला निवृत्त करून चारकोल हा नवा फॉन्ट आणला. पण चार वर्षांनी, २००१ मध्ये, पहिला आयपॉड बाजारात आला, त्याचा पडदा १६० बाय १२८ ठिपक्यांचा आणि एकरंगी होता, आणि त्यावर गाण्यांची नावं पुन्हा शिकागोत उमटली. खिशातून काढून एका नजरेत वाचायच्या त्या पडद्याला शोभेल असं अक्षर आधीच तयार होतं. त्या निवडीचं स्पष्टीकरण द्यायला आठवणींची गरज पडत नाही, पडद्याचं माप पुरेसं आहे.

विरोधी बाजूचा खरोखर बळकट मुद्दा वेगळा आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. तो असा: हे रूप मर्यादेतून जन्मलं, मर्यादा संपली, तेव्हा रूपाचं कारणही संपलं. ज्या काळात ही अक्षरं झाली त्या काळातल्या तंत्रज्ञांनाही पायऱ्या नकोच होत्या. १९८४ मध्ये अक्षरं ठिपक्यांऐवजी बाह्यरेषांनी आखणारं पोस्टस्क्रिप्ट आलं, १९९१ मध्ये त्याच जातीचं ट्रूटाइप आलं, १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने पडद्यावरच्या कडा मऊ दाखवणारं क्लिअरटाइप जाहीर केलं, २०१० मध्ये आयफोन ४ ने इंचाला ३२६ ठिपके दिले. ही सगळी धडपड पायऱ्या पुसण्यासाठी होती. मग ज्या पडद्यावर खरा ठिपका डोळ्याला दिसतही नाही, त्यावर अनेक ठिपके एकत्र रंगवून एक मोठा, खोटा ठिपका उभा करायचा, ही त्या माध्यमाशी प्रतारणा नाही का? माध्यमाशी इमान राखा, हा आधुनिक डिझाइनचा मूलमंत्र आहे, आणि आजचा पिक्सेल फॉन्ट तो मोडतो हे तांत्रिक अर्थाने खरं आहे. फाइल उघडून पाहिली तर आत बाह्यरेषाच असतात. चौकोनांच्या कडा आखून ठेवलेल्या, इतर कुठल्याही फॉन्टसारख्या.

पण हाच न्याय सगळ्या अक्षरांना लावून पाहा. रोमन शिलालेखांतल्या अक्षरांच्या टोकांना असलेले छोटे पाय छिन्नीतून आले की ब्रशातून, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काचेच्या पडद्याला मात्र दोन्हींची गरज नाही, तरी आपण ते पाय पडद्यावर वाचतो. बोरूच्या तिरक्या कापातून आलेली देवनागरीची जाडी-बारीकी, बोरू कधी हातात न धरलेला डिझायनरही आज जपतो. गुटेनबर्गने पंधराव्या शतकात धातूचे खिळे ओतले तेव्हा त्यांना लेखणीने लिहिलेल्या हस्तलिखितांचं वळण दिलं. धातूला ते वळण कुणी सक्तीने लावलं नव्हतं. टंकलेखन यंत्राचा गाडा प्रत्येक खटक्याला सारखाच सरकायचा म्हणून सगळी अक्षरं एका रुंदीची झाली. यंत्रं अडगळीत गेली, पण एका रुंदीचे फॉन्ट प्रोग्रामर आजही दिवसभर वापरतात, कारण ओळीखाली ओळ नेमकी जुळणं त्यांच्या कामाचं असतं. एखाद्या रूपाच्या जन्माचं कारण आणि टिकण्याचं कारण एकच असलं पाहिजे, असा नियम अक्षरांच्या इतिहासात कुठे दिसतो?

सर्वांत जवळचा दाखला चौकोनी कूफी या अरबी लेखनशैलीचा आहे. इराण आणि मध्य आशियातल्या जुन्या इमारतींच्या भिंतींवर ती विटांच्या जाळीत बसवलेली दिसते. वीट वळत नाही. अरबी लिपीचा तर जीवच वळणात. तरीही त्या कारागिरांनी पूर्ण मजकूर काटकोनांत लिहिला, काळा भाग आणि मोकळा भाग सारख्याच जाडीचा ठेवून, इतक्या घट्ट वीणेने की लिहिलेलं आणि न लिहिलेलं यांचं वजन समान व्हावं. पुढे ही रीत विटेपुरती राहिली नाही. जिथे विटेची सक्ती मुळीच नव्हती अशा साहित्यावरही ती उतरली आणि आजही बोधचिन्हांत वापरली जाते. तिला कुणी बांधकामाच्या अडचणीची आठवण म्हणत नाही. जाळीने लिपीकडून जे काढून घेतलं त्यापेक्षा जास्त दिलं, म्हणून ती टिकली. पिक्सेल अक्षराला पन्नासएक वर्षंच झाली आहेत हे कबूल. पण वय कमी आहे म्हणून त्याला अडचणीचं अपत्य ठरवायचं, आणि शतकं उलटली की त्याच गोष्टीला शैली म्हणायचं, यात तर्क नाही.

शिवाय ठिपक्यांची अक्षरं फक्त नाइलाजाने झाली, ही समजूतच अपुरी आहे. विम क्राउवेल या डच डिझायनरने १९६७ मध्ये 'न्यू अल्फाबेट' मांडली. तेव्हाची नवी इलेक्ट्रॉनिक अक्षरजुळणी यंत्रं गोल अक्षरांच्या कडा खरबरीत करून टाकत. क्राउवेलचा युक्तिवाद सरळ होता: यंत्राला झेपत नाहीत ती अक्षरं त्याच्याकडून वाईट काढून घेण्यापेक्षा त्याला झेपतील अशीच अक्षरं आखू. त्याने उभ्या-आडव्या रेघा आणि कापलेले कोपरे एवढ्यावर वर्णमाला उभी केली. तिच्यातली काही अक्षरं ओळखूही येत नाहीत, आणि रोजच्या वापराची म्हणून ती केलेलीच नव्हती. पण घरोघरी संगणक येण्याच्या कितीतरी आधी एका माणसाने जाळी निवडली होती, तिच्यापुढे हात टेकले नव्हते. १९८५ मध्ये डिझायनर सुझाना लिको यांनी मॅकिंटॉशवर एम्परर, ओकलंड आणि एमिग्रे हे फॉन्ट केले, तेव्हाही तसंच. त्या वर्षी पिक्सेल अक्षरांबद्दल हळहळायला मागे काही उरलेलंच नव्हतं, ती नुकती जन्मत होती. त्यांच्या एमिग्रे मासिकावर पुढे मॅसिमो व्हिग्नेलींसारख्या ज्येष्ठ डिझायनरांनी कडाडून टीका केली, ती नव्या गोष्टीवर होते तशी टीका होती. स्मरणरंजनाचा आरोप त्या वेळी कुणाला सुचणंही शक्य नव्हतं. २००१ मध्ये त्यांनी हीच अक्षरं लो-रेझ या नावाने एकत्र बांधली, तेव्हा मापं अधिक शिस्तीत आणली, कडा मात्र गुळगुळीत केल्या नाहीत. सोळा वर्षांत तंत्र पुढे गेलं होतं, तरी निवड तीच राहिली.

आणि मर्यादा संपली हे तरी कुणी ठरवलं? फोन आणि लॅपटॉप म्हणजे सगळे पडदे नव्हेत. यंत्रांवर, मीटरांवर, छोट्या उपकरणांवर दिसणारा दोन ओळींचा एलसीडी आजही प्रत्येक अक्षराला पाच बाय आठ ठिपके देतो. इलेक्ट्रॉनिक्सचे प्रयोग करणारे हौशी लोक जो छोटा ओएलईडी पडदा सर्रास वापरतात तो १२८ बाय ६४ ठिपक्यांचा असतो. पाच बाय सातच्या फॉन्टने, मोकळी जागा धरून, त्यावर एका ओळीत २१ अक्षरं आणि अशा आठ ओळी बसतात. तिथे एखादा नामांकित गुळगुळीत फॉन्ट आठ ठिपक्यांच्या उंचीला दाबून पाहावा. रेघा कुठे जाड, कुठे तुटलेल्या, इंग्रजी ईचं पोट बुजलेलं. त्या आकाराला हाताने बसवलेलं ठिपक्यांचं अक्षर स्वच्छ वाचता येतं. गाड्यांच्या वेळा दाखवणारे एलईडी फलकही याच जातीचे. ही गरज चालू वर्तमानकाळातली आहे आणि तिच्यासाठी नवी, चांगली पिक्सेल अक्षरं लागतात. त्यांच्याकडे हौस म्हणून पाहिलं की ती करायला कुणी चांगला माणूस बसत नाही.

दुसरा मोठा आक्षेप वाचनीयतेचा, आणि इथे मी बरंच मान्य करतो. लांब मजकुरासाठी पिक्सेल फॉन्ट वापरू नये. तिरप्या रेघा पायऱ्यांनी चढतात म्हणून के, व्ही, डब्ल्यू, एक्स ही अक्षरं शेजारच्यांपेक्षा गडद किंवा विरळ दिसतात. दोन अक्षरांमधलं अंतर पूर्ण ठिपक्यानेच कमीजास्त करता येतं, त्यामुळे ओळीचा पोत ठिगळांसारखा होतो. डोळा प्रत्येक ओळीत थोडा जास्त राबतो आणि तिसऱ्या परिच्छेदाला थकतो. ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांना तर एका ठिपक्यावर तोललेला फरक दिसतच नाही. लोक जे सर्वांत जास्त वाचतात तेच सर्वांत चांगलं वाचतात, असं लिको यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे आणि त्यात तथ्य आहे. पण सवयीने अनोळखीपणा जातो, अधू दृष्टी जात नाही. म्हणून औषधाच्या सूचना, अर्ज, करार, लेख, यांत हे अक्षर नको. खेळात पानंच्या पानं संवाद असतील तर साधा फॉन्ट निवडायची सोय द्यायलाच हवी, मग त्याने चित्रशैलीचा मेळ थोडा बिघडला तरी चालेल.

पण या सगळ्यातून सिद्ध काय झालं? पिक्सेल अक्षर परिच्छेदाचं अक्षर नाही, एवढंच. न्यूयॉर्क टाइम्सचं नाव अजूनही ब्लॅकलेटर या जाड, टोकदार मध्ययुगीन वळणात छापलं जातं; त्या वळणात आतली बातमी छापा असं कुणी म्हणत नाही, आणि बातमी छापता येत नाही म्हणून नाव बदला असंही म्हणत नाही. मथळा, आकडा, बटणावरचा शब्द, पाटी, गुणफलक, घड्याळ, ही या अक्षराची हक्काची जागा. बदलत्या आकड्यांसाठी तर ते फार कामाचं आहे: प्रत्येक आकड्याचा चौकोन सारखा असतो, त्यामुळे सेकंद पुढे सरकले तरी शेजारचे आकडे हलत नाहीत. २०१५ च्या अंडरटेल या खेळाने याच अक्षरांतून पात्रांचे आवाज वेगळे केले. दोन भावांचे संवाद कॉमिक सॅन्स आणि पपायरस या फॉन्टांच्या ठिपकेदार रूपांत येतात आणि कोण बोलतंय हे नाव न वाचता कळतं. वाचनीयतेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हेही विसरू नये की त्यांचा लाडका व्हर्डाना ठिपक्यांतूनच उगवला. १९९६ च्या त्या फॉन्टसाठी मॅथ्यू कार्टर यांनी पडद्यावर चालतील अशा मापांची ठिपक्यांची अक्षरं आधी काढली आणि त्यांच्याभोवती बाह्यरेषा नंतर बसवल्या. त्या काळच्या पडद्यांवर तो इतका स्वच्छ दिसण्याचं हे मोठं कारण आहे. ठिपका आणि वाचनीयता यांना जन्माचे वैरी मानणं इतिहासाला धरून नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण पिक्सेल अक्षराचं खरं नुकसान विरोधकांपेक्षा त्याच्या भक्तांनी केलं आहे. ते अस्सलपणाची भाषा बोलतात. पण आज जे रेट्रो म्हणून विकलं जातं ते तेव्हा तसं दिसतच नव्हतं. काचेच्या नळीच्या पडद्यावर ठिपका हा काटेकोर चौकोन नव्हता. तो कडेला विरणारा उजेडाचा डाग होता, आणि ओळींच्या मध्ये काळ्या फटी असत. १९७८ च्या व्हीटी १०० टर्मिनलमध्ये हार्डवेअरच प्रत्येक ठिपका आडवा ताणून दाखवी, म्हणजे स्मृतीत साठवलेलं अक्षर आणि पडद्यावरचं अक्षर यांत मुळातच फरक. रंगीत टीव्हीवर एका ठिपक्याच्या उभ्या रेघेचे रंग फुटून ती पुसट होई, म्हणून टीव्हीला जोडायच्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकाच्या अक्षरांत उभ्या रेघा दोन ठिपक्यांच्या ठेवलेल्या. तो जाडपणा आपण आज शैली म्हणून मिरवतो, तो टीव्हीवरचा उपाय होता. आजच्या पडद्यावरचा धारदार, नितळ चौकोन हे आजचं रूप आहे. ते सुंदर आहे, पण ते जुनं असल्याचा दावा खोटा आहे. आणि ज्या मुलांनी २०११ नंतर माइनक्राफ्ट खेळत ठिपक्यांची अक्षरं वाचली, त्यांना कोणत्या नळीच्या पडद्याची ओढ असणार? त्यांच्यासाठी हे एक वळण आहे, चालू काळातलं, इतर वळणांच्या शेजारी उभं असलेलं.

अस्सलपणाच्या या नादात कारागिरी मात्र सुटते. रेट्रो दिसलं की काम झालं, असं मानून फॉन्ट कुठल्याही मापाला ओढला जातो. आठ ठिपक्यांच्या उंचीचा फॉन्ट १६, २४, ३२ अशा पटीतच लावायला हवा. तो २० ला लावला की काही रेघा दोन ठिपक्यांच्या, काही तीन ठिपक्यांच्या होतात, किंवा कडा राखाडी धुक्यात जातात. पडद्यावरचं सगळं मोठं करून दाखवण्याचं प्रमाण (स्केलिंग) सव्वापट किंवा दीडपट असेल तर बरोबर लावलेलं मापही बिघडतं, तेही तपासावं लागतं. मथळ्याचा ठिपका मोठा, खालच्या ओळीचा लहान, शेजारच्या चित्राचा तिसऱ्याच मापाचा, असं एकत्र आलं की जाळीचा अर्थच उरत नाही. पिक्सेल चित्रकार हे दोष पटकन ओळखतात, पण पोस्टर करणारे सर्रास करतात. फॉन्टला यंत्राकडून खोटं जाड किंवा तिरकं करून घेणं, अर्ध्या ठिपक्याने अंतर वाढवणं, हेही तसंच. शब्द चित्र म्हणून चिकटवणं हा तर आणखी मोठा अपराध, कारण ज्याला ऐकून वाचावं लागतं त्याच्या स्क्रीन रीडरला तिथे काहीच सापडत नाही. फॉन्ट म्हणून लावला असता तर तोच शब्द विनातक्रार ऐकू आला असता. विरोधक ज्या कुरूपतेवर बोट ठेवतात तिच्यातली पुष्कळशी या हलगर्जीपणाची आहे आणि तिचा दोष अक्षराच्या माथी जातो.

आठवणींच्या राजकारणाचा आणखी एक तोटा आहे, आणि मराठीत लिहिणाऱ्या माणसाला तो सर्वांत जास्त खुपायला हवा. आठवायचं म्हटलं की जे होऊन गेलं तेच आठवता येतं, आणि आठ बाय आठच्या त्या जगात देवनागरी बसतच नव्हती. जपानी लोकांचीही तीच अडचण होती: सुरुवातीच्या खेळांत कांजी ही गुंतागुंतीची चित्राक्षरं सोडून फक्त 'काना' या साध्या उच्चारचिन्हांत लिहावं लागे. पण तिथे हा प्रश्न रचनेचा मानला गेला आणि १९८४ मध्ये सोळा बाय सोळा ठिपक्यांच्या अक्षररूपांचं राष्ट्रीय मानकच तयार झालं. युनिफॉन्ट हा १९९८ पासूनचा मुक्त प्रकल्प जगातल्या लिप्या सोळा ठिपक्यांच्या उंचीत बसवत आला आहे आणि त्यात देवनागरीही आहे. पण एक चिन्ह एक खण ही त्याची मांडणी, आणि आपली लिपी चिन्हांना एकमेकांत गुंतवून चालते. सर्वांत लोकप्रिय पिक्सेल फॉन्टांपैकी प्रेस स्टार्ट २पी घ्या, त्यात रोमन आहे, ग्रीक आहे, सिरिलिक आहे, देवनागरी नाही. मग मराठी मथळ्याला तो लावला की ब्राउझर गुपचूप दुसराच गुळगुळीत फॉन्ट पुढे करतो आणि सगळा मेळ मोडतो. मराठीसाठी हे अक्षर रेट्रो म्हणायला मागे पुरेसं काही झालेलंच नाही. इथे ते नवं काम आहे आणि मोठं काम आहे.

ते काम किती अवघड हे जाळी समोर घेऊनच कळतं. शिरोरेषा एक आडवी ओळ खाते. तिच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. 'र्कीं' सारख्या अक्षरात त्यांतले तीन एकदम. खाली उकार, ऋकार, पाय मोडल्याची खूण. ऱ्हस्व वेलांटीची कमान ज्या अक्षरावर असते त्याच्या रुंदीएवढी हवी, म्हणून 'रि', 'कि' आणि 'ल्कि' यांच्या कमानी वेगवेगळ्या काढाव्या लागतात, पूर्ण ठिपक्यांत. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांना ओळखायला शिरोरेषेतली फट लागते. ती एका ठिपक्याची ठेवली तर नजरेतून सुटते, दोन ठिपक्यांची ठेवली तर अक्षर तुटल्यासारखं दिसतं. सोळा ओळींची वाटणी वर चार, शिरोरेषेला एक, अंगाला सात, खाली चार अशी करून पाहता येते, पण मग वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफाराला टेकतो. एक ओळ मोकळी हवी, आणि ती अंगातून काढायची की उकारातून हे ठरवावं लागतं. 'व' चा 'ब' करायला पोटात तिरपी रेघ हवी. पोटाची पोकळी तीन ठिपक्यांची असेल तर पूर्ण रेघेने ती बुजते आणि एकाच ठिपक्याने ती रेघ न वाटता टिंब वाटतं. पोकळी चार ठिपक्यांची केली तर रेघ बसते, पण मग 'व' आणि 'क' ही त्याच मापाचे करावे लागतात, 'प' आणि 'ष' यांचंही पोट वाढवावं लागतं, आणि तिथून पुढे त्यांच्या सगळ्या जोडाक्षरांची रुंदी नव्याने मोजावी लागते.